पाटीचं चौथं भोक

मंगळवारी सकाळी माझी बायको ऑफिसात खुर्चीवरून खाली पडली. मालकांच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि ती गेल्याचं त्यांनी सांगितलं. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. बुधवारी दफन झालं.

मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी मला बाकावर बसवून एक प्रश्न विचारला होता. गेल्या काही दिवसांत काही जाणवलं होतं का? डोकं दुखणं, दिसायला त्रास, हातातून वस्तू सुटणं, असं काही? मी ‘नाही’ म्हणालो. त्यांनी मान हलवली. बऱ्याचदा आधी काहीच जाणवत नाही, असंही ते म्हणाले. ते बहुधा माझा चेहरा बघून म्हणाले असावेत.

माझं ते ‘नाही’ खरं होतं का, याची भीती मला त्याच रात्री वाटायला लागली. ज्या माणसाशेजारी मी घरी आणि कामावर मिळून सगळा दिवस बसत होतो, त्याला दिसायला त्रास होत होता का? चष्म्याचा नंबर वाढला असेल असं ती एकदा म्हणाली होती खरी. आम्ही सावेडीतल्या दुकानात जाऊन डोळे तपासूनही आलो होतो. नंबर बदललेला नव्हता. ती म्हणाली, “चला, पैसे वाचले,” आणि आम्ही भेळ खाऊन घरी आलो. त्याच्यावर मी कधी पुन्हा विचार केला नव्हता. आता मात्र भेळीच्या गाडीपाशी ती पायरी उतरताना माझ्या हाताला धरून उतरली होती का, की तसंच नेहमी उतरायची, हे मला आठवेना.

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचं वर्कशॉप आहे. साखर कारखान्यांना लागणारे लोखंडी सांगाडे, बीम, शिड्या, जाळ्या असं सगळं तिथे होतं. ड्रॉइंगच्या खोलीत दोन टेबलं आहेत. ती संगणकावर ड्रॉइंग काढायची आणि मी तपासायचो. आम्ही एकाच तंत्रनिकेतनात शिकलो, तिथेच ओळख झाली. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, त्यामुळे काढायचं काम तिच्याकडे गेलं. माझ्या स्वभावात शंका फार, म्हणून तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी पुस्तक वाचायला घेतलं की आधी शेवटचं पान वाचतो. कोण मरतं ते आधी कळलेलं बरं, असं मला वाटतं. यावरून ती मला आयुष्यभर चिडवत आली. “अरे, मग मधली पानं कशाला वाचतोस? मधलं मी वाचते, शेवट तू वाच, पुस्तक अर्ध्या वेळात होईल.”

आमच्या कामातली एक गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ड्रॉइंगमध्ये जिथे भोक असतं तिथे एक वर्तुळ असतं आणि वर्तुळाच्या मध्यावर दोन रेघा एकमेकींना छेदतात. त्याला सेंटर मार्क म्हणतात. वर्कशॉपमधला मार्किंगचा माणूस त्या मध्याचं माप प्लेटवर उतरवतो, तिथे पंच ठेवतो आणि हातोडीचा टोला देतो. त्या खळग्यात ड्रिलचं टोक बसतं. सेंटर मार्कच्या रेघा किती लांब असाव्यात हे संगणकात एकदाच ठरवून ठेवलेलं असतं. तो आकडा बदलला की त्या ड्रॉइंगमधले सगळे मार्क एकदम लहानमोठे होतात. एखादाच मार्क वेगळा हवा असेल, तर त्याच्यापुरती ‘सगळ्यांसारखा’ या चौकटीतली बरोबरची खूण काढून टाकायची. मग तो मार्क बाकीच्यांचं ऐकत नाही. त्याचा आकार हाताने द्यावा लागतो.

ती असे मार्क हाताने द्यायची. काही भोकं अशी असतात की ती वर्कशॉपमध्ये पाडून चालत नाही. त्यांचा जोडीदार तुकडा आधीपासून कारखान्यात उभा असतो. तो वाकलेला असतो, झिजलेला असतो, कधी कोणी तरी दुरुस्त केलेला असतो. तो तुकडा समोर ठेवून दोन्हीतून एकदम भोक पाडावं लागतं. ड्रॉइंगवर तशी सूचना इंग्रजीत लिहिलेली असायची आणि ती कोणी वाचायचं नाही. एकदा एका शिडीची भोकं वर्कशॉपमध्येच पाडून गेली. कारखान्यावर ती जुळली नाहीत. तिथल्या लोकांनी गॅसकटर लावून भोकं रुंद केली आणि शिडी बसवून टाकली. हे असं सगळीकडे चालतं. गॅसने जाळलेल्या भोकाची कड उसवलेल्या कापडासारखी होते आणि बोल्ट आत हलत राहतो. तिने ती शिडी पाहिली आणि त्यानंतर सूचना लिहिणं सोडून अशा प्रत्येक भोकाचा सेंटर मार्क ती बारीक करायला लागली. इतका बारीक की रेघा न दिसता नुसता ठिपका दिसावा.

वर्कशॉपमध्ये त्याला ‘टिकली’ म्हणायला लागले. टिकली दिसली की तिथे पंच ठेवायचा नाही, समोरचा तुकडा येईपर्यंत थांबायचं. मार्किंगला जे मामा आहेत, घोडेगावकडचे, त्यांनीच हे नाव पाडलं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी टिकली लावलेली नाही. ती मामांना म्हणायची, “मी लावत नाही ती भोकांना लावते, मामा.” मामा म्हणायचे, “लावा ताई, पन सगळ्यास्नी लावू नका. न्हाईतर आमी काय भजन करीत बसू का हितं?”

महिन्याभराने मी कामावर गेलो. तिच्या टेबलावर कोणी हात लावला नव्हता. संगणकावर कापड टाकलं होतं. मी माझ्या खुर्चीवर बसलो की ते कापड डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात दिसायचं. मग मी डावा डोळा मिटून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचो, उजवा मिटून वाचायचो. दोन्हींनी सारखं दिसतंय ना, हे पाहायचो. दिवसातून कितीदा तरी मी हे करायचो. डोकं जरा ठणकलं की पुन्हा कॅलेंडर वाचायचो. घरी गेल्यावर गॅसचं बटण बंद आहे का ते बघायला उठायचो, पुन्हा बसायचो, पुन्हा उठायचो. फोन वाजला की तो उलटा करून ठेवायचो. ज्याची वाईट बातमी यावी असं घरात कोणी उरलेलं नव्हतं, तरीही.

अशात एके दिवशी मालक आत आले. ते उभ्यानेच बोलतात. गव्हाणीवरच्या बीमचं काम होतं ते. गव्हाण म्हणजे कारखान्यात ऊस जिथे पट्ट्यावर पडतो ती जागा. ट्रॉलीतली अख्खी मोळी साखळदंडात धरून त्या बीमवरून वर उचलतात आणि गव्हाणीत सोडतात. नेवाशाकडच्या एका कारखान्याला दिवाळीच्या आत नवा बीम हवा होता. ड्रॉइंग तिने काढलं होतं. कारखान्याच्या वतीने तपासणारे पुण्याचे सल्लागार होते, त्यांनी सगळी ड्रॉइंग परत पाठवली होती.

“मोठं काही नाही,” मालक म्हणाले. “तुमचे ते सेंटर मार्क लहानमोठे आहेत म्हणे. छोट्या कागदावर छापलं की कुठे मापावर चढतात, कुठे दिसतच नाहीत. सगळे एकसारखे करून मागितलेत. बीमचेच नाही, आपण त्यांना आजवर दिलेल्या सगळ्या ड्रॉइंगचे. त्यांनी एक छोटा प्रोग्रामपण पाठवलाय. फोल्डर दाखवायचं, चालू करायचं, चहा पिऊन यायचं.”

“हाताने दिलेले मार्कपण तो बदलेल?” मी विचारलं.

“सगळे बदलेल. तेच तर पाहिजे ना?”

मी तिच्या संगणकावरच्या कापडाकडे पाहिलं. मालक दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “तुम्हाला नको असेल तर बाहेरून कोणाला बोलावतो. जबरदस्ती नाही.” ते चांगल्या मनाने म्हणाले होते. पण बाहेरचा माणूस आला असता तर त्याने चहा पिऊन झाल्यावर सगळ्या टिकल्या पुसून टाकलेल्या असत्या आणि त्या टिकल्या होत्या हे त्याला कळलंही नसतं. मी म्हणालो, “मीच करतो.”

कापड मी त्याच दिवशी काढलं.

फोल्डरची एक प्रत मी वेगळी ठेवली. त्यामुळे काही कायमचं हरवणार नव्हतं. पण मामांच्या हातात जो कागद जाणार तो नव्या ड्रॉइंगचाच, आणि त्या कागदावर टिकली नसणार. म्हणजे प्रत्येक टिकलीच्या ठिकाणी मला सूचना लिहावी लागणार होती. सल्लागारांसाठी इंग्रजीत आणि वर्कशॉपच्या प्रतीवर मराठीत. त्यासाठी एकेक टिकली शोधून ती का आहे हे समजून घ्यायला हवं होतं.

शोधणं सोपं निघालं. सल्लागारांचा प्रोग्राम न वापरता मी एकेक ड्रॉइंग उघडायचो आणि मार्कचा ठरलेला आकडा बदलायचो. पडद्यावर सगळे मार्क एकदम हलायचे, वाऱ्यावर गवत हलावं तसे, आणि नव्या आकाराचे होऊन थांबायचे. जे हलायचे नाहीत ते तिने हाताने दिलेले. तिथे तिने मुद्दाम हात थांबवून ती खूण काढली होती.

पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. खोटं का सांगू. एक शिडी, एक जाळीचा सांगाडा, संगमनेरकडच्या एका कारखान्याचा पट्ट्याचा आधार. प्रत्येकात चारदोन मार्क न हलता तिथेच राहिलेले आणि प्रत्येकाचं कारण लगेच दिसणारं. इथे जुना खांब आहे, इथे काँक्रीटमधला बोल्ट आहे. जणू ती शेजारी बसून म्हणत होती, हे बघ, हे असं.

मग माझ्या लक्षात आलं की मी ड्रॉइंग तारखेच्या क्रमाने उघडतोय. जुन्याकडून नव्याकडे. त्या क्रमाच्या शेवटी बीम होता आणि बीमच्या शेवटी तो मंगळवार.

डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर या ड्रॉइंगमध्ये असणार, हे मला तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत तिची एकही टिकली चुकीच्या जागी पडलेली मी तपासताना पाहिली नव्हती. शेवटच्या ड्रॉइंगमध्ये टिकल्या बरोबर असतील तर तिला नीट दिसत होतं, हात हुकमात होता, आणि मी डॉक्टरांना दिलेलं उत्तर खरं होतं. पण त्या भलतीकडे पडलेल्या असतील, तर ती कितीतरी दिवस माझ्या डाव्या हाताला बसून चाचपडत होती. बीमचं ड्रॉइंग माझ्याकडे तपासायला आलंच नव्हतं. त्या सोमवारी संध्याकाळी तिने ते संपवलं होतं आणि “उद्या देते तुला, आज एकदा डोळ्यांखालून घालते” असं म्हणाली होती. माझी वाट न पाहता ते पुढे, वर्कशॉपला आणि पुण्याला, पाठवलं गेलं, ते नंतरच्या गडबडीत. इतर कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं पान मी आधी उघडलं असतं. इथे मी मधल्याच पानांवर रेंगाळलो. दिवसाला दोन ड्रॉइंग, कधी एकच. मालक दारात येऊन जायचे.

शेवटी एका दुपारी बीम उघडला.

आकडा बदलला. मार्क हलले. दोन्ही टोकांच्या प्लेटांवरच्या टिकल्या जागच्या जागी राहिल्या. त्या बरोबर होत्या, तिथे जुने खांब आहेत. मी पडदा खाली सरकवला.

बीमच्या मधोमध खाली दोन जाड प्लेटा येतात, त्यांना आम्ही कान म्हणतो. कानांतून पिना जातात. त्या पिनांवर कप्पी लटकते आणि कप्पीवर उसाची मोळी. सगळा भार त्या भोकांवर. ती भोकं यंत्रावर नेमक्या मापाने करायची असतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात. कप्पी नवी येणार होती, तिचं माप ठरलेलं होतं, समोरचा तुकडा येण्याचा काही प्रश्नच नव्हता.

कानांच्या चारही भोकांवर टिकल्या होत्या.

मी तो भाग मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. मग डावा डोळा मिटून पाहिला. बाहेर वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालू होता, तो कोणी तरी बंद करावा असं वाटत होतं. मला तिचं मनगट आठवत होतं, माउसवर ठेवलेलं, आणि ते थरथरत होतं की नाही हे आठवत नव्हतं.

जुना छापील कागद घेऊन मी मामांकडे गेलो. ते प्लेटवर खडू फासत होते.

“मामा, कानांवर टिकली आहे. तुम्ही पाहिलं होतं?”

“पाहिलं हुतं की.” त्यांनी खडू खाली ठेवला. “म्हून तर ती प्लेट भिताडाला लावून ठिवलीया. हात न्हाई लावला.”

“का आहे, काही बोलली होती का?”

“मला न्हाई. मी बी म्हनलो, कानाला कशी काय टिकली? ताईंचं चुकलं आसंल.” हे तोंडातून गेलं आणि मामांना माझ्या चेहऱ्यावर काही तरी दिसलं. ते घाईने म्हणाले, “म्हंजी तसं न्हाई. त्या एकट्या गेल्त्या कारखान्यावर, माप घ्यायला. मला म्हनल्या, मामा, तुमी तुमच्या पुतन्याच्या पोराच्या बारशाला जावा. आता तितं त्यास्नी काय दिसलं, ते मला कसं ठावं?”

मालक मागे येऊन उभे राहिले होते. “चुकलंच असणार,” ते हळू आवाजात म्हणाले. “माणूस आजारी असतो. आपल्याला कळत नाही. तुम्ही ते साधे करून टाका, यंत्रावर भोकं करू आणि पाठवून देऊ. दिवस थोडे आहेत.”

त्यांनी तो शब्द किती सहज उच्चारला. आजारी. जे मी स्वतःशीही बोललो नव्हतो ते त्यांनी खडूच्या धुळीत, चार माणसांसमोर म्हटलं. साधं करून टाकायला एक खूण द्यायची होती, तिची चूक दुरुस्त होणार होती आणि कोणाला कळणारही नव्हतं. पण मी जर चूक म्हणून पुसलं आणि ती चूक नसली, तर? तिथे भोकं जुळणार नाहीत. तिथला फिटर गॅसकटर लावेल. बीम वर जाईल. खाली यार्डात ट्रॉल्यांच्या रांगा असतात, ऊसतोडीची माणसं बैलांना पाणी पाजत उभी असतात, बायका सावली बघून भाकरी सोडतात, आणि सावली त्या बीमचीच असते.

“उद्या कारखान्यावर जाऊन येतो,” मी म्हणालो.

मालकांनी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, “मी जातो सरांसंगं. तेवढीच म्हशीची चौकशी हुईल वाटंत.”

आम्ही वर्कशॉपच्या टेम्पोतून गेलो. घोडेगावला बाजार होता, रस्त्यावर दावी धरलेल्या माणसांची आणि जनावरांची गर्दी. मामा खिडकीतून मान काढून एकाला म्हणाले, “का वो पाव्हनं, ही म्हस हाय का हत्तीन? किती सांगितली?” तो माणूस म्हणाला, “तुमास्नी झेपायची न्हाई.” “आवो, झेपत न्हाई म्हून तर इचारतो, झेपली आसती तर सोडून नेली आसती.” टेम्पो पुढे गेला. मी हसलो नाही, हे मामांनी पाहिलं आणि खिडकीची काच वर केली. तिच्यासोबत जाताना ते असंच बोलत असणार आणि ती खिडकीला डोकं टेकून हसत असणार.

मला परत फिरावंसं वाटत होतं. कारखान्यावर जे दिसेल ते दिसल्यावर मला पुन्हा न पाहिल्यासारखं करता येणार नव्हतं.

यार्ड रिकामं होतं. हंगाम सुरू व्हायला अवकाश होता. कुंपणापलीकडे ऊसतोडीच्या माणसांच्या दोनतीन झोपड्या, कोप्या, मात्र उभ्या राहिल्या होत्या आणि एक बाई पाचटाला दोरी आवळत होती. कारखान्याचा फिटर आम्हाला गव्हाणीपाशी घेऊन गेला. जुना बीम उतरवून जमिनीवर ठेवला होता. शेजारी कप्पी, तेलाने काळी झालेली.

“नवी कप्पी कधी येणार?” मी विचारलं.

“नवी कुठली? रद्द झाली ती. हीच वापरायची.” फिटरने पायाने कप्पी दाखवली. “मॅडमना सांगितलं होतं की मी. माप घ्यायला आल्या होत्या ना त्या? तुमच्या कोण?”

मामा म्हणाले, “त्यांच्या घरच्या.”

फिटरने माझ्याकडे पाहिलं. त्याला बातमी कळलेली असावी किंवा तेव्हा कळली असावी. तो खाली बसला आणि त्याने कप्पीच्या बाजूची पट्टी चिंधीने पुसली. “हे बघा. हे एका बाजूचं भोक पूर्वी कधी तरी भरून पुन्हा पाडलंय. सरळ नाही. मॅडम इथे खाली बसून बघत होत्या. टॉर्च धरायला लावला मला. म्हणाल्या, हे कागदावर जुळायचं नाही, कप्पीच नागापूरला पाठवा, दोन्ही समोर ठेवून भोक पाडू. मी हो म्हणालो. पाठवायचं राहून गेलं.”

मी गुडघे टेकून त्या भोकात बोट घातलं. भोक किंचित तिरकं होतं. डोळ्यांनी पाहून समजेल इतकंही नव्हतं, बोटाला कळत होतं. तिला दिसलं होतं. टॉर्चच्या उजेडात, त्या मंगळवाराच्या थोडेच दिवस आधी, तिला ते दिसलं होतं.

माझे हात काळे झाले होते. मामांनी मला उठवलं. “न्हाई चुकल्या ताई,” ते म्हणाले. “मीच येडा.”

कप्पी आम्ही टेम्पोत घालून आणली. येताना घोडेगावात मामा त्या म्हशीवाल्याला शोधत होते, तो निघून गेला होता. मी त्यांना म्हणालो, “झेपली नाही तुम्हाला.” मामा इतके हसले की ड्रायव्हरने वळून पाहिलं.

त्या रात्री मी गॅसचं बटण बघायला एकदाही उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी सूचना लिहायला बसलो. टोकांच्या प्लेटांची झाली, कानांची झाली. प्रत्येक टिकलीला सूचना दिली की मी तिला ती खूण परत द्यायचो आणि ती मोठी होऊन बाकीच्यांसारखी दिसायची. त्यात आता काही वाटत नव्हतं, कारण टिकलीचं म्हणणं शब्दांत उतरलेलं होतं. शेवटी अख्खं ड्रॉइंग एकदा वरून खाली बघावं म्हणून मी पडदा सरकवत गेलो.

बीमच्या बाजूला एक छोटी पाटी असते. त्यावर किती भार उचलायचा ते कोरलेलं असतं. पाटीला चार कोपऱ्यांत चार स्क्रू. त्यांची भोकं करंगळीच्या नखाएवढी. त्यावर कसलाही भार येत नाही, समोरचा तुकडा म्हणजे ती पत्र्याची पाटी, तीही आमच्याच इथे होते. तीन भोकांचे मार्क नव्या आकाराचे झाले होते. चौथ्या भोकावर टिकली होती.

मी त्यावर बाण नेला. खूण काढलेली होती. आकार हाताने दिलेला होता.

कारण शोधायला मी बराच वेळ घालवला. कारण नव्हतं. कोणत्याही कारखान्यात, कोणत्याही फिटरच्या टॉर्चखाली त्याचं कारण सापडणार नव्हतं. पाटी हा त्या ड्रॉइंगमधला शेवटचा भाग. म्हणजे ते सोमवारी संध्याकाळी झालं असणार, ती “उद्या देते तुला” म्हणाली त्याच्या आसपास. शेजारच्या एखाद्या मार्कवर जायच्या ऐवजी बाण इथे आला असेल. कुणाचाही येतो, असं मी स्वतःला सांगितलं. तिचा आजवर कधी आला नव्हता, हेही मला माहीत होतं. आणि ‘आज एकदा डोळ्यांखालून घालते’ हे तिने पूर्वी कधी म्हटलं नव्हतं. तिचं काम ती एकदाच पाहायची. त्या दिवशी तिला आपल्या हाताची शंका आली होती.

म्हणजे कप्पीपाशी बसली तेव्हा तिला नीट दिसत होतं, आणि सोमवारी संध्याकाळी दिसत नव्हतं, किंवा हात ऐकत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं होतं त्याचं उत्तर एवढं होतं. आदल्या दिवसाचं. कदाचित दोन तासांचं. ते मला समजलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. मला ते विचारायची भीती वाटते. ती भीती गेलेली नाही, पण तिची जागा आता मला ठाऊक आहे. डाव्या डोळ्याने कॅलेंडर वाचायचं मी सोडून दिलं.

ती एक खूण परत द्यायला माझं बोट गेलं आणि तिथेच थांबलं. त्या भोकावर कसलाच भार येत नव्हता हे मी तीनदा तपासलं. मग तसंच ठेवून ड्रॉइंग पाठवलं. सल्लागारांनी मंजूर केलं. नखाएवढ्या भोकातल्या ठिपक्याकडे कोणी पाहिलं नाही.

मामांनी पाहिलं. बीम तयार होत आला तेव्हा ते कागद घेऊन दारात आले.

“सर, ह्या पाटीला टिकली हाय. सूचना काय लिवलेली न्हाई. समोरचा तुकडा कोनता?”

मी म्हणालो, “तुकडा नाही येणार, मामा. ते भोक राहू द्या.”

त्यांनी कागदावरच्या त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “तीन स्क्रूवर पाटी ऱ्हाती,” ते म्हणाले. “पडत न्हाई.” आणि कागदाची घडी घालून गेले.

बीम आता गव्हाणीवर आहे. हंगाम चालू आहे. पाटीला तीन स्क्रू आहेत.